गॅलरीतली कपाटं

नोव्हेंबर १९९१, सोमवार, मधली सुट्टी. ठाण्यातलं आमचं ऑफिस, पहिला मजला. हजर: मी, हेडक्लार्क, डबे उघडून बसलेले बाकीचे आणि गॅलरीत फेऱ्या मारणारी ती.

ती वरच्या मजल्यावरच्या ऑफिसातली. नाव मी कधी विचारलं नाही. वर गॅलरी नाही, म्हणून रोज खाली यायची. पदर कमरेला खोचायची, आवाज नको म्हणून चपला काढायची आणि टोकाच्या कठड्याला हात लावून वळायची.

"काय हो बाई, लादी बसवायला माप घेताय का?" हेडक्लार्क बटाटावडा खात ओरडले. सगळे हसले.

"माझी आई साखरेनं गेली," ती न थांबता म्हणाली. "खुर्चीवर बसून माझंही वजन वाढतंय. डॉक्टर म्हणतात, चाला. घरी पोचले की ओटा सुटत नाही. मग चालू कधी?"

हेडक्लार्कनी दुसरा वडा उचलला. पुढच्या आठवड्यात मात्र गॅलरीत जुन्या फायलींची लोखंडी कपाटं येऊन बसली. ती आली, कपाटाला हात लावून जरा उभी राहिली आणि चपला न काढताच जिना चढून गेली.

मी तडक हेडक्लार्कना जाब विचारला.

"अहो, हे ऑफिस आहे, बाग नव्हे," ते म्हणाले.

"चौघं तिथे सिगारेटी ओढत उभे असतात, तेव्हा ऑफिस आठवत नाही?"

माणसाला दिवसभर बसवून ठेवायचं आणि उठलं की हसायचं, हा कुठला न्याय?

स्टोअररूम रिकामी आहे, किल्ली मी मागून घेतली आहे. कपाटं तेवढी आत हलवायची राहिली आहेत. कपाटं आत गेली की वर जाऊन तिला सांगायचं आहे.