करपलेल्या भाताचा पुरावा

यांच्या मामांसारखा हट्टी माणूस रत्नागिरीत तर नाहीच, पार जयगडापर्यंत शोधलात तरी मिळायचा नाही. "नाही कशावरून? जयगडात जाऊन आलीस?" असं त्यांनी लगेच विचारलं असतं. मास्तरकी सोडून ते बहिणीकडे, म्हणजे माझ्या सासूबाईंकडे राहायला आले आणि घरात साधं वाक्य बोलायची चोरी झाली. आमटी खारट म्हटली की कोणाला, किती, आणि आधी तोंडात लोणचं होतं का, हे सगळं सांगावं लागे. कोणाचं म्हणणं खोडायचं तर आधी त्याची बाजू त्याच्याहून चांगली मांडायची, हा त्यांचा नेम. एकदा कोळणीचे बांगडे शिळे ठरवण्यापूर्वी त्यांनी ते ताजे असल्याचं इतकं पटवून दिलं, की आळीतल्या बायकांनी टोपली रिकामी केली. आम्हाला एकही बांगडा उरला नाही. कोळीण म्हणाली, "मास्तरानू, रोज येवा हो!"

एकदा माझ्याकडून भात करपला. हातात पुस्तक होतं. शाळा चौथीतच सुटली, पण वाचायची खोड काही सुटली नव्हती. सासूबाई म्हणाल्या, "बायकांनी वाचलं की भात करपतो. उद्यापासून पुस्तकं पेटीत आणि पेटीला कुलूप!" मला उलट बोलणं कधी जमलं नाही. मामांनी नेमाप्रमाणे आधी बहिणीची बाजू मांडली, ती इतकी छान की मला दाराआड रडूच आलं. मग म्हणाले, "अगो, एका भातावरून नियम होत नाही. आठ दिवस ही वाचत रांधेल, आठ दिवस न वाचता. तांदूळ, टोप, लाकडं तीच. मी लिहून ठेवतो."

मनात वाचलेलं मामा पुरावा म्हणून धरेनात, म्हणून मी लाजत लाजत एका राणीची गोष्ट मोठ्याने वाचली. सासूबाई टोपावर डोळे रोखून शेजारी बसत. आठही दिवस भात मोकळा झाला. नवव्या दिवशी पुस्तक बंद. सासूबाई हळूच म्हणाल्या, "त्या राणीचं पुढं काय झालं असेल गो?" आम्ही दोघी राणीच्या काळजीत, आणि भात करपला.

"दादा, पुरे झालं तुझं. वाच गो पुढचं," सासूबाई म्हणाल्या.

"प्रयोग अर्धा आहे!" मामा ओरडले. वहीत लिहिलं, 'निष्कर्ष राखून ठेवला,' आणि दोन दिवस रुसले.

यंदा मामा गेले. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी भात पार तळापर्यंत करपला. सासूबाई तो तसाच जेवल्या. माझ्या हातात पुस्तक नव्हतं. मामांच्या वहीत उरलेल्या दिवसांच्या सात ओळी अजून कोऱ्या आहेत. एकीवर हे लिहावं म्हणून पेन्सिल घेतली, पण 'कशावरून?' असं विचारायला कोणी नव्हतं.