हकीमसाहेबांची मुलगी

लीलाकाकू गेल्याचं मला आफरीननं फोन करून सांगितलं. आधी तिला कळलं, मग मला. पाच आठवडे झाले, पण रडूच्याही आधी आलेला तो राग अजून गेलेला नाही...

काकू इथल्या एका जुन्या मुलींच्या कॉलेजात इतिहास शिकवायच्या. काकांची नोकरी कारखान्यात, घर अवधपुरी वसाहतीत. निवृत्तीनंतर कॉलेजचा इतिहास लिहायला बसल्या आणि पहिल्याच रजिस्टरवर अडल्या. पडद्याचा काळ. मुलींची नावं परक्या पुरुषांच्या नजरेस पडू नयेत म्हणून कारकुनानं नुसतं लिहिलेलं... वकीलसाहेबांची मुलगी, हकीमसाहेबांची मुलगी. शिकायला निघालेल्या पोरींना नावच नाही! मी असते तर ते रजिस्टर चौकात नेऊन वाचलं असतं. काकू साठी उलटल्यावर उर्दू शिकल्या, जुन्या शहरात घरोघर जाऊन नाती-पणत्यांना विचारत बसल्या. एकेका नावाला वर्ष वर्ष लागलं. शेवटी चारच नावं सापडायची राहिली.

कॉलेजची जुनी इमारत पाडायची टूम निघाली तेव्हा आमच्या बचाव समितीचं पत्रक मी काढलं, त्यात काकूंनी शोधलेली सगळी नावं घातली. त्या चार रिकाम्या ओळी मला बघवेनात. मी नावं ठोकून दिली. हकीमसाहेबांच्या मुलीला जमीला केलं. जवाहर चौकात एका बाईंनी ते वाचून डोळे पुसले. मला फार भारी वाटलं.

काकूंनी पोहे पुढ्यात ठेवले आणि विचारलं, "ही जमीला कुणाच्या घरी सापडली गं?"

"असेलच ना काकू, कुणीतरी जमीला."

"कारकुनानं तिचं नाव लिहिलं नाही. तू दुसरंच लिहिलंस. आता तिला कोण शोधणार?"

ओरडल्या नाहीत. पण महिन्याभरात नावांची वही आफरीनला दिली. अशोका गार्डन भागात राहणारी आफरीन, काकूंची शेवटची विद्यार्थिनी. मोर्च्याला एकदाही आली नाही, उन्हानं डोकं दुखतं म्हणे. मी पोलीस चौकीत बसून आले, आणि वही तिला! तिचा गुण काय, तर माहीत नसलं की सरळ "नहीं मालूम" म्हणते. एवढ्यावर काकू भाळल्या. मी जळले. आजही जळते.

गेल्या आठवड्यात तिचा फोन. "दीदी, हकीमसाहब की बेटी मिल गई. सकीना नाम था. सबसे पहले आपको बता रही हूँ."

हे नाव मला सापडायला हवं होतं. तिला म्हटलं, छान.

इमारत अजून उभी आहे, धोका टळलेला नाही. नवं पत्रक काढलंय. त्यात सकीना आहे, तीन ओळी कोऱ्या आहेत. आमच्या पत्रकांखाली समितीचं नाव असतं. 'जमीला मी बनवली होती' या वाक्याखाली मी माझं पूर्ण नाव घातलं.

तीन मुली राहिल्यात. रविवारी आफरीन आणि मी जुन्या शहरात जाणार आहोत. वही तिच्याकडेच राहू दे. दार मात्र मी वाजवणार, असं तिला आधीच सांगून ठेवलंय.