जुना आवाज ओळखू आला नाही

रॉकवाल्यांनो, दुपारपासून एकच गोष्ट डोक्यात घोळून राह्यली, म्हणून इथं लिहून राह्यलो.

आपल्या आवडत्या बँडचा जुना गायक सोडून गेला, तेव्हापासून त्याच्या जागी आलेल्या नव्या पोराचं एकही गाणं मी ऐकलं नाही. या ग्रुपवर त्याले सगळ्यात जास्त शिव्या मीच घातल्या, तुमाले माहीतच आहे.

आज उंद्रीले माझ्या दोस्ताच्या, गज्याच्या वावरात रोटाव्हेटर चालू होतं. मी ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसलो होतो. त्याच्या मोठ्या स्पीकरवर एक न ऐकलेलं गाणं लागलं अन् अंगावर काटाच आला.

मी ओरडलो, "याले म्हणतात आवाज! आपल्या जुन्या गायकाचंच ऐकायचं राहून गेलेलं गाणं दिसते. त्या नव्याले जमन का बे असं?"

गज्यानं ट्रॅक्टरच बंद केला. "हा नवाच आहे बे."

तो हसून राह्यला होता. इतकी वर्षं ज्याले ऐकलं, त्याचा आवाज माझ्या कानातून कधी गेला, पत्ताच नाही.

घरी आल्यापासून जुनं गाणं लावायले बोट नेतो अन् मागं घेतो. ते परकं वाटलं तर?

तुमच्यातल्या कोणी एवढ्यात जुनं ऐकलं का? तो अजून आपलाच वाटते का? आधी तुमी सांगा. मंग मी लावतो.