गंगूबाईंचे कागद

नील, मीरा, बेल्जियममधल्या, फ्लेमिश भाषेत लिहिणाऱ्या एका वकील-लेखकाच्या टेबलाचा फोटो तुम्ही पाठवलात. खटल्याच्या कागदांच्या मागच्या कोऱ्या बाजूला तो गोष्टी लिहायचा, हे वाचलं आणि सकाळपासून मला एका जागी बसवत नाही.

तुमचे आजोबाही परभणीच्या कोर्टात वकील होते आणि असंच लिहायचे. एका दुपारी ते कोर्टात असताना ताडकळसच्या गंगूबाई आल्या. वडिलांच्या शेतातल्या हिश्श्यासाठी त्यांनी भावावर दावा लावला होता.

"वैनी, माज्या कागदात काय लिव्हलंय, वाचा की."

मी त्यांच्या दाव्याच्या कागदांची लाल फीत सोडली, पण पानाची मागची बाजू वर आली. तिथे भावाच्या बंद दारावरून परतणाऱ्या बहिणीची गोष्ट होती. दुसऱ्याच ओळीला चूक कळली, तरी मी मोठ्याने वाचत गेले. इतकी सुंदर होती ती.

पदराने डोळे पुसत त्या म्हणाल्या, "दारच बंद झालं तर वावर घेऊन काय करू? सायबाला सांगा, हिस्सा सोडते मी."

आजोबांनी परोपरीने समजावलं, पण गंगूबाईंनी दावा काढून घेतलाच. तेव्हा मला आजोबांच्या लेखणीचा अभिमान वाटला होता. आता वाटतं, ही नुसती गोष्ट आहे एवढं तरी मी सांगायला हवं होतं. त्या दिवाळीला भावाने त्यांना बोलावलं का, हे मी कधी विचारलंच नाही.