ब्रेकवरचा अंगठा

पाय दुखतोय म्हणून मी सलग चार दिवस पाया सूप प्यायलो. बोकडाचे पाय माणसाच्या पायांना ताकद देतात, यावर आम्हा ड्रायव्हर लोकांचा ठाम विश्वास. पंचवटीतल्या एका खानावळीत मी गुपचूप वाटी संपवायचो आणि घरी शहाण्यासारखा भाजी-भाकरी जेवायचो. पाचव्या दिवशी सकाळी, पेठच्या घाटात, ऐन उतारावर, उजव्या पायाच्या अंगठ्यात कुणीतरी तापलेली सळई घातली. मागे चौदा शिक्षक बसले होते.

मी सतरा सीटर मिनीबस चालवतो. नाशिकहून पेठकडच्या शाळांत रोज अप-डाउन करणाऱ्या शिक्षकांची गाडी. सत्तावीस वर्षांत गाडीला ओरखडा नाही, हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगतो.

घाट उतरायचा नियम सोपा आहे. ज्या गिअरमध्ये चढायचं, त्याच गिअरमध्ये उतरायचं. मग गाडीला इंजिनच धरून ठेवतं आणि ब्रेकला काम कमी. मी सेकंड टाकला. पण वळणावर ब्रेक लागतोच, आणि ब्रेक उजव्या पायाचा. दाबला की डोळ्यांपुढे काजवे.

मग मी हुशारी केली. डाव्या पायाने ब्रेक दाबला. हा पाय सत्तावीस वर्षं क्लच दाबतोय, हळू दाबणं त्याला ठाऊकच नाही. गाडीने असा हिसका खाल्ला की पवार मॅडमचा डबा माझ्या सीटपाशी येऊन पडला.

"काका, काय झालं?"

"खड्डा होता, मॅडम."

"आम्हाला नाही दिसला," मागून गावित सर म्हणाले. "तुमचा स्पेशल दिसतोय."

सगळे हसले. मीही हसलो. पाठीला शर्ट चिकटला होता.

पुढच्या वळणापलीकडे रस्ताभर गाई. मी उजवा पाय मारला. अशी कळ आली की पाय मला न विचारता ब्रेकवरून उचलला गेला. गाडी सरकतच राहिली. मागचं हसणं बंद. हँडब्रेक ओढला, उजवा पाय पुन्हा ब्रेकवर ठेवला, त्याच्यावर डावा ठेवून दाबला आणि ओरडलो. गचका खाऊन इंजिन बंद पडलं. एक गाय बंपरला नाक लावून माझ्याकडे बघत होती.

तिचा म्हातारा मालक काठी आपटत आला. "झोपला व्हता का रं? माणसं हायेत ना आत?"

होती. तेच तर.

थोडं पुढे रस्ता रुंद होता, तिथे गाडी कशीबशी कडेला घेतली. गावित सरांनी उतरून चाकांना दगड लावले. मी बूट काढला. अंगठा पिकल्या टोमॅटोसारखा लाल आणि तेवढाच फुगलेला.

"किती दिवस आहे हे?" पवार मॅडमनी विचारलं.

"चार दिवस बारीक ठणकत होतं."

"आणि असा पाय घेऊन आम्हाला घाट उतरवताय?"

या वेळी कुणी हसलं नाही. मी गाडीच्या मालकाला, शेठला, फोन लावला.

"सोनवणे, आज त्यांच्या शाळांत तपासणी आहे. उशीर झाला तर हे लोक गाडी बदलतील. दात-ओठ खा आणि पोचव."

"शेठ, पाय ब्रेकवर राहत नाहीये."

"मग उद्यापासून घरीच राहा!"

खरं सांगतो, मन डळमळलं. म्हणून मी चावी काढून गावित सरांकडे दिली. "मी मागितली तरी देऊ नका," म्हटलं.

दुसरा ड्रायव्हर यायला दीड तास लागला.

डॉक्टरांनी अंगठा पाहिला, रक्त तपासलं. गाऊट. रक्तातलं युरिक ॲसिड वाढलं की त्याचे सुईसारखे कण सांध्यात बसतात.

"मटण, कलेजी, सुकट, बिअर?"

"बिअर कधीतरी. पाया सूप मात्र रोज, पाय बरा व्हावा म्हणून."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे आगीत तेल. आणि पाणी किती पिता?"

इथे आमच्या धंद्याची गोम आहे. गाडी भरली की ड्रायव्हरचं पाणी बंद. आपल्या लघवीसाठी चौदा माणसं थांबवायची कशी? दिवसभर घसा कोरडा ठेवायचा आणि संध्याकाळी थंडगार गोड कोल्ड्रिंक रिचवायचं. डॉक्टर म्हणाले, तेही बंद. औषध दिलं आणि पाय पूर्ण बरा होईपर्यंत स्टिअरिंगला हात लावायचा नाही, असं बजावलं.

तीन आठवडे घरी बसलो. शेठने परत घेतलं ते प्रेमाने नाही. ज्याने स्वतःहून गाडी थांबवली तोच ड्रायव्हर पाहिजे, असं शिक्षकांनी कळवलं. सोबत पवार मॅडमची अट: डॉक्टरांची चिठ्ठी दाखवा आणि घाटाआधी पाच मिनिटं थांबा. आता मी तिथे थांबतो, पाणी पितो, आणि चौदातले निम्मे माझ्याआधी खाली उतरतात. त्यांचीही वर्षानुवर्षं अडचणच होती म्हणे.

धडा एवढाच. ब्रेकची तपासणी पेडलपासून नाही, पायापासून सुरू करावी.

घाटातल्या त्या दिवशी संध्याकाळी मी बायकोला सगळं सांगितलं. सूपसुद्धा. ती म्हणाली, "चौदा परक्या माणसांसमोर बूट काढलात, आणि घरात चार रात्री मोजे घालून झोपलात! मी आपली खुळी, थंडी वाजतेय म्हणून तुमच्या पायांवर दुसरं पांघरूण घालत होते."