व्हॉल्व्हवरचं कुंकू

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — ओळखत असता तर तोंड उघडलं नसतं, इतका मी भेकड आहे.

अमरावतीला इंजिनिअर झालो आणि अकोल्यातल्या एका तेल कारखान्यात देखभालीच्या कामाला लागलो. तिथल्या प्रत्येकाला मी मूर्ख समजायचो. शेठला तर जास्तच. साधी मोटर बदलायची तरी त्याला मुहूर्त लागायचा, नारळ लागायचा. आणि पाइपाचं काम करणारे रफिक मिस्त्री! काम बरं करायचे, पण फुशारकी ऐकून कान किटायचे. मी सगळ्यांना मनातल्या मनात हसायचो. हसण्यासारखा नक्की कोण होता?

वाफेच्या लाइनवर नवा कंट्रोल व्हॉल्व्ह बसवायचा होता. तेलाला किती वाफ सोडायची, ते हा आपोआप उघडमीट करून सांभाळतो. वाफ कुठून कुठे जायची, ते दाखवणारा बाण त्याच्या अंगावरच असतो. बसवण्याआधी अर्थातच पूजा. मी मनातून थुंकत होतो त्या पूजेवर — तरी शेठ बघतोय म्हणून ओल्या कुंकवाने स्वस्तिक कोणी काढलं? मीच. चांगलं ठसठशीत. नेमकं बाणावर.

रफिकभाई चपला काढून लांब उभे होते. व्हॉल्व्ह उचलताना जवळ येऊन हळूच म्हणाले, "साहेब, बान कुंकवाखाली गेला. तुमी पुसून घेता काय? मी कसा हात लावू?"

मुहूर्त टळत होता. शेठ घड्याळ बघत होता.

"पूजेचं कुंकू पुसतात काय, रफिकभाई? बाण इकडूनच हाय. बसवा."

अंदाजाने बोललो. बाण मी पाहिलाच नव्हता.

वाफ सोडली आणि व्हॉल्व्ह आतून धाडधाड आपटायला लागला. वाफ आवरेना. टाकीतलं सगळं तेल करपलं. लाइन बंद केली, शेठला बोलवायला माणूस धावला — आणि तेवढ्यात मी एक चिंधी घेऊन ते कुंकू पुसलं. बोटं पोळली, तरी घासत राहिलो. बाण लख्ख दिसायला लागला. उलटा.

शेठ आला, तो थेट रफिकभाईंवरच ओरडला. "एवढा मोठा बान दिसला नाही काय रे तुले?"

रफिकभाईंनी एकदा बाणाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. काय बोलणार होते ते? कुंकवामुळे चुकलं, असं त्या जागी त्यांनी म्हणायचं? ते म्हणणार नाहीत, हे मला ठाऊक होतं. त्या भरवशावरच तर मी पुसलं.

त्यांचं काम गेलं. दुसरीकडेही कोणी घेईना, कारण त्यांच्या आधी त्यांचं नवं नाव पोचायचं — उल्टा मिस्त्री. ते नाव मीसुद्धा वापरलं. चहाच्या टपरीवर, चार लोकांना हसवायला.

गेल्या उन्हाळ्यात घरचा कूलर बंद पडला. बायकोने जठारपेठेतून मेकॅनिक बोलावला, तर तेच आले. थकले होते. ती फुशारकी कुठल्या कुठे गेली होती. नवा पंप हातात धरून म्हणाले, "तोंड कोन्या बाजूले करू, तुमीच सांगा साहेब. मी उल्टा मिस्त्री हाय ना."

बायको हसली.

मीपण हसलो.