दुसऱ्या गिअरचं रडणं

"हळू बोल, सुनीती. दार उघडं आहे."

"हळू बोलले तर तुम्हाला ऐकू येईल का?"

मनोहर भिलाऱ्यांनी दाराकडे पाहिलं. हातातला कप त्यांनी टेबलावर ठेवला, नजर मात्र चहातच ठेवली. बाहेर गल्लीच्या तोंडाशी दुर्गापूजेच्या मांडवात नवमीचा ढाक, तो बंगाली ढोल, घुमत होता. आत सुनीतीबाई उकडलेल्या बटाट्यांची सालं ओरबाडून काढत होत्या.

"मिस्त्रीने तुला फोन करायचं कारणच काय?" मनोहररावांनी विचारलं.

"कारण तुम्ही उचलत नव्हतात. बिचारा मला विचारत होता, 'भाभीजी, आता तेल कोणतं घालू? साहेबांनी सांगितलेला गिअरबॉक्स हा नाहीच. हा जुन्या बनावटीचा निघाला.' मी म्हटलं, कधी कळलं? तर म्हणाला, 'साहेबांना पंचमीलाच दाखवलं की. त्यांनीच सांगितलं, घरी बोलू नकोस.'" सुनीतीबाईंनी सुरी खाली ठेवली. "आणि त्यानंतर तुम्ही रोज माझ्यासमोर बसून जेवलात. भाजीत मीठ कमी आहे, एवढं सांगितलंत. हे नाही सांगितलंत."

"सांगणार होतो."

"कुणाला? मला की गाडी चालवणाऱ्या निताईला?"

"जुनी गाडी आहे ती. गिअरबॉक्स कधी ना कधी जाणारच होता."

"पण तुम्ही तो निताईने खाल्ला म्हणून सांगितलंत! मोदकांचे डबे हातात घेऊन लोक उभे होते, त्यांच्यासमोर!"

मनोहररावांनी उगाच उजवा कान चोळला.

या कानांवर भिलाऱ्यांचं अर्धं आयुष्य उभं होतं. तरुणपणी बदलीवर खिदिरपूरच्या गोदीतल्या वाहन विभागात आले, आणि परत जाण्याची वेळ आली तेव्हा त्यांना कोलकाता सोडवेना. ट्रक फाटकातून आत शिरायचा आणि भिलारेसाहेब कागदातून डोकंही वर न काढता म्हणायचे, "तिसऱ्या गिअरचं बेअरिंग चाललंय, बाजूला घ्या." खोलून बघावं तर तेच. हाताखालच्या लोकांना मात्र ते एक गोष्ट कायम बजावायचे: आवाजाने अंदाज बांधा, पण लिहून देण्याआधी गाडीखाली आडवे व्हा, चिखल पुसा आणि गिअरबॉक्सच्या पोटावरची पाटी वाचा. वरून गाड्या सारख्याच दिसतात. आत कोणता गिअरबॉक्स बसवलाय ते पाटीच सांगते.

निवृत्तीनंतर गोदी सुटली आणि कानांना मराठी मंडळ मिळालं. न्यू टाउनच्या कंपन्यांत नोकरीला आलेली पोरं सहलीला भेटली की ओरडायची, "काका, कान!" मग डोळ्यांवर रुमाल. एकेक जण आपली गाडी पुढून नेणार आणि काका ती ओळखणार. टाळ्या, शिट्ट्या. सुनीतीबाई पुरणपोळ्या वाढता वाढता म्हणायच्या, "गाडीचं सगळं ऐकू येतं, बायकोचं तेवढं येत नाही." तेव्हा हा विनोद होता.

पुढे सुनीतीबाईंच्या स्वयंपाकाचाच व्यवसाय झाला. पोळ्या, मोदक, फराळ न्यू टाउनला पोचवायचा म्हणून गेल्या दसऱ्याला त्यांनी जुनी पिकअप घेतली. चालवायला गार्डन रीचचा निताई मंडल आला. तिशीतला, शांत, गाडीला स्वतःच्या पोरीसारखी आंघोळ घालणारा. बंगालीत काकू म्हणजे काका, त्यामुळे तो मनोहररावांना "काकू" अशी हाक मारायचा आणि मंडळातली मुलं लोटपोट हसायची. "अरे, मिशीवाली काकू!" निताईही हसायचा, पण हाक बदलायचा नाही.

त्या दसऱ्याला, झेंडूच्या माळा घातलेल्या पिकअपसमोर, मंडळाच्या सलीलने काकांच्या डोळ्यांवर रुमाल बांधला.

"काका, या मॉडेलमध्ये कंपनीने दोन तऱ्हेचे गिअरबॉक्स दिलेत. जुना आणि नवा. आपला कोणता?"

"अरे, सोपं आहे," मनोहरराव म्हणाले. "जुना दुसऱ्या गिअरमध्ये बारीक रडतो. नवा गप्प असतो. ने रे निताई, गल्लीच्या टोकापर्यंत."

निताईने गाडी नेली, आणली. मनोहररावांनी मान कलती केली. त्यांच्या कानात इंजिनाची घरघर होती आणि तिच्या वर नुसती शांतता.

"नवा!" त्यांनी रुमाल उडवला. टाळ्या पडल्या.

ओवाळायचं तबक घेऊन उभ्या असलेल्या सुनीतीबाईंना ते रडणं स्वच्छ ऐकू आलं होतं. शेजारच्या खोलीत मूल कुरकुरावं तसं, बारीक. त्यांना वाटलं, यांना कळतंय, आपल्याला काय त्यातलं! त्या रात्री कुकर शिट्ट्यांवर शिट्ट्या देत राहिला आणि त्याच्याच शेजारी बसून हे वर्तमानपत्र वाचत राहिले. तेव्हा सुनीतीबाईंना सगळं कळलं. पण त्या उठल्या आणि न बोलता गॅस बंद केला.

नव्या गिअरबॉक्सला पातळ तेल लागतं, जुन्याला जाड. मिस्त्री म्हणाला होता, "साहेब, एकदा खालून पाटी बघून घेऊ या." मनोहररावांच्या अंगात कडक इस्त्रीचा झब्बा होता, गुडघ्यात कळ होती आणि मागे टाळ्या वाजवणारी माणसं होती. "मी ऐकलंय," ते म्हणाले. पातळ तेल पडलं.

वर्षभर गाडीचं रडणं वाढत गेलं. "काकू, दुसऱ्या गिअरला गाडी फार रडते," निताई सांगायचा.

"कुठे रडते? मी शेजारीच बसलोय ना?"

"रडते, काकू."

"तुझा पाय क्लचवर असतो म्हणून तसं वाटतं. पाय काढ."

निताई पाय दाखवायचा. क्लचवर नसायचा.

आणि यंदाच्या गणपतीला, न्यू टाउनमधल्या सोसायटीच्या फाटकात, मोदकांनी भरलेली गाडी खड्डकन अडली. तो आवाज मात्र मनोहररावांनाही ऐकू आला. लोक गोळा झाले. कुणीतरी म्हणालं, "काका, काय झालं हो? तुम्ही असताना?" त्या 'तुम्ही असताना'ने घात केला.

"हा झोपतो क्लचवर पाय ठेवून!" मनोहरराव गरजले. "खाल्ला माझा गिअरबॉक्स!"

"काकू, मी तर किती वेळा सांगितलं, गाडी रडते..."

"मला शिकवतोस? या कानांना?"

निताईने सगळ्यांकडे एकदा पाहिलं. सगळ्यांनी ते रडणं वर्षभर ऐकलं होतं. सलीलने तर एकदा गाडीत बसल्यावर विचारलंही होतं, "काका, हे वाजतंय काय?" पण आता सलील मोदकाच्या डब्याचं झाकण नीट लावत होता. निताईने किल्ली त्या डब्यावर ठेवली आणि तो निघून गेला.

मंडळातली घरं त्याला एरवी बोलवायची, विमानतळावर सोडायला, रविवारी म्हाताऱ्यांना फिरवून आणायला. ती बोलावणी थांबली. गिअरबॉक्स खाणारा ड्रायव्हर कोण घेणार? मध्यंतरी सुनीतीबाईंना तो खिदिरपूरच्या चौकात दिसला. दुसऱ्याच्या ट्रकमध्ये, डावीकडे, हेल्परच्या जागी. खिडकीतून हात बाहेर काढून मागच्या बसला थोपवत होता. त्याने सुनीतीबाईंना पाहिलं, हात आत घेतला आणि तोंड फिरवलं.

हे सगळं त्या नवमीच्या सकाळी टेबलावर पडलं होतं, बटाट्यांच्या सालींसोबत.

"एक विचारू?" मनोहरराव म्हणाले. आवाज आता खाली आला होता. "तुला ऐकू येत होतं? ते रडणं?"

"येत होतं."

"पहिल्या दिवसापासून?"

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

सुनीतीबाईंनी पदराला हात पुसले. पुसून झाले तरी पुसत राहिल्या. "तुमचा तेवढाच तोरा उरला होता. तो माझ्या हातून मोडवेना. आणि त्यापायी त्या पोराचं नाव गेलं. मी तुमच्यावर ओरडतेय ना, त्यातलं निम्मं माझ्यावर आहे." त्या थांबल्या. "उद्या दसरा. गाडी येईल, मंडळ येईल. निताईलाही मी बोलावलंय."

"उद्या? अगं, एवढ्या लोकांत कशाला? मी जातो ना त्याच्या घरी, सावकाश, एकटा."

"ओरडलात तेव्हा एकटे होतात?"

दुसऱ्या दिवशी पिकअप दारात उभी राहिली. गिअरबॉक्स दुरुस्त, जाड तेल भरलेलं, बॉनेटवर झेंडू. मंडळी जमली. सुनीतीबाईंनी ताटात आपट्याची पानं काढली. मनोहररावांनी पांढराशुभ्र झब्बा घातला होता, पण चेहरा रात्रभर जागल्यासारखा.

निताई आला. धुतलेला शर्ट, पायात निळ्या पट्ट्यांच्या चपला. फाटकाच्या आत आला, पण त्याहून पुढे येईना. त्याला पाहून बोलणी जरा तुटली. सलील आपला मोबाइल बघू लागला.

मनोहरराव त्याच्याजवळ गेले. पाण्याच्या पंपाआड त्याला घेतलं, आणि हळू आवाजात, हिंदीत म्हणाले, "निताई, थोडा गैरसमज झाला बघ. गाडीतच दोष होता. जे झालं ते झालं. आज सणाचा दिवस आहे." त्यांनी खिशातून किल्ली काढली. "घे."

निताईने किल्लीकडे पाहिलं. हात पुढे केला नाही.

"सर," तो म्हणाला. काकू नाही, सर. "तेव्हा तुम्ही जोरात बोलला होतात."

एवढंच. मनोहररावांच्या तळहातावर किल्ली तशीच राहिली. त्यांना वाटलं, हे तरी आपल्याला ऐकू आलं नसतं तर बरं झालं असतं.

"काका, कान!" सलील मागून ओरडला. वातावरण हलकं करायला ओरडला असेल. बाकीच्यांनीही उचललं. "काका, कान! काका, कान!" रुमाल आला, डोळ्यांवर बांधला गेला. मनोहररावांनी बांधू दिला. रुमालाआड कुणाचा चेहरा दिसत नव्हता, तेवढं बरं वाटलं. किल्ली सलीलने घेतली. गाडी गेली. गाडी आली. घरघर, आणि वर तीच शांतता. त्या शांततेत मनोहररावांनी जीव तोडून काहीतरी शोधलं. काहीच सापडलं नाही.

"सांगा काका! नवा की जुना?"

उत्तर त्यांना ठाऊक होतं. एक शब्द बोलले असते तर टाळ्या पडल्या असत्या आणि कान पुन्हा शाबूत झाले असते. समोर कुठेतरी सुनीतीबाई उभ्या होत्या.

मनोहररावांनी रुमाल सोडला. "गाडी बंद कर," ते म्हणाले. मग गुडघ्यावर हात ठेवून खाली वाकले, आणि कुणाला काही कळायच्या आत जमिनीवर आडवे झाले.

"अहो काका, कपडे!" कुणीतरी ओरडलं.

ते सरपटत गाडीखाली गेले. इस्त्रीचा झब्बा ग्रीसने माखला. डोळ्यांवरच्याच रुमालाने त्यांनी ती पाटी पुसली, जी वर्षापूर्वी पुसायला हवी होती. खाली अंधार होता, गरम लोखंडाचा वास होता, आणि बाहेर दिसत होते ते फक्त पाय. सलीलचे बूट. सुनीतीचे, नव्या जोडव्यांचे. फाटकाजवळ निळ्या पट्ट्यांच्या चपला.

त्या पायांना उद्देशून मनोहरराव बोलले. जोरात बोलले.

"जुना आहे! पाटीवर जुन्याचाच नंबर आहे. मी आत्ता ऐकून ओळखला नाही. मला ऐकू येत नाही. गेल्या दसऱ्यालाही आलं नव्हतं. मी तुम्हा सगळ्यांसमोर ठोकून दिलं, नवा म्हणून, आणि चुकीचं तेल घालायला लावलं. गिअरबॉक्स मी घालवला. निताई वर्षभर सांगत होता, गाडी रडते. त्याचा पाय क्लचवर नव्हता. कधीच नव्हता. मी खोटं बोललो, आणि तुम्ही ते त्याच्या नावावर लावलंत!"

बूट मागेपुढे झाले. कुणाच्या तरी हातातून आपट्याची पानं खाली पडली, कुणी उचलली नाहीत.

"निताई," गाडीखालून आवाज आला, आता मोडलेला, हिंदीत. "हे सगळं मी तुझ्या भाषेतही सांगतो." आणि अडखळत, व्याकरण सांडत, त्यांनी ते बंगालीत पुन्हा सांगितलं. मंडळींमधून कुणी हसलं नाही. मग विचारलं, "गाडी चालवशील, निताई? येशील परत?"

निळ्या पट्ट्यांच्या चपला दोन पावलं पुढे आल्या. मनोहररावांनी कोपरावर जोर देऊन मान उचलली. चपला थांबल्या. तशाच राहिल्या. मग वळल्या, पडलेली पानं चुकवत फाटकाकडे गेल्या आणि फाटकाबाहेर दिसेनाशा झाल्या.

"काय म्हणाला?" मनोहररावांनी घाईने विचारलं. "सुनीती, मला ऐकू आलं नाही. काय म्हणाला तो?"

सुनीतीबाई खाली बसल्या, गाडीखाली वाकल्या आणि त्यांच्या कानाशी तोंड नेलं.

"काहीच म्हणाला नाही."